बोरसेबाईंची गाडी आणि मी घडवलेलं बॉनेट

मी डेंटर. नाशिकला द्वारका चौकाच्या पुढे माझं गॅरेज होतं, आता ते पुतण्या चालवतो. धंदा काय विचारल्यावर डेंटर म्हटलं की निम्मी माणसं दात दाखवायला बघतात, म्हणून आधीच सांगतो. गाडी ठोकली, पत्रा चेमटला, की तो पुन्हा होता तसा करणारा माणूस म्हणजे डेंटर. इंजिनाशी त्याचा संबंध नाही. एका हातात हातोडी आणि पत्र्याच्या मागे धरायला लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा, त्याला आम्ही डॉली म्हणतो. या दोहोंच्या मधे पत्रा धरून तो हळूहळू सरळ करायचा. पन्नास वर्षं हेच केलं. त्यात दोन्ही कान अर्धे गेले. माझ्याशी बोलायचं तर समोर येऊन बोलावं लागतं.

शेवटची वीस वर्षं मात्र खरं डेंटरकाम फारसं उरलं नव्हतं. गाडी येते, विम्याचा माणूस फोटो काढतो, जुना भाग उपटून नवा बसवतात. जिथे नवा बसवत नाहीत तिथे खळग्यात पुट्टीचा लगदा थापतात, घासतात आणि रंग मारतात. मीही थापली. खूप थापली. गिऱ्हाइकाला संध्याकाळी गाडी हवी असायची आणि मलाही ते सोपं पडायचं. याची मला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर सटाण्याहून एक बाई गॅरेजवर आल्या. सुमन बोरसे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, ताठ. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. त्यांच्या वडिलांची एक गाडी सटाण्याला शेतातल्या कांदाचाळीत उभी आहे, ती चालती करायची आहे आणि त्यांना ती स्वतः चालवायची आहे, असं त्यांनी सांगितलं. मग आणखी एक गोष्ट सांगितली, फळ्यावरचं उदाहरण वाचून दाखवावं तशी. त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. नाशिकच्या डॉक्टरांनी वर्ष, फार तर दीड वर्ष सांगितलं होतं.

"दसऱ्यापर्यंत होईल का, ते आज सांगू नका," त्या म्हणाल्या. "आधी गाडी बघा."

मी सटाण्याला गेलो. कांदाचाळ म्हणजे कांदा साठवायची लांबट शेड, वारा खेळावा म्हणून दोन्ही बाजूंनी फळ्यांच्या फटी ठेवलेली. तिच्या टोकाला ताडपत्रीखाली गाडी होती. दोन सीटची, बिनटपाची, लांब नाकाची इंग्लिश स्पोर्ट्स कार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाईंनी तसं बजावलंय, कारण नाव कळलं की माणसं दारात येऊन उभी राहतात. टायर मातीला चिकटलेले, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, सीटमध्ये घुशीचं घर. बाईंचा सालदार गडी भिका शेजारी उभा होता. त्यानं समोर येऊन मला विचारलं, "मिस्तरी, ही गाडी आते काय कामनी शे?" आता ही काय कामाची, असं त्याला म्हणायचं होतं. मी खिशात हात घातला.

डेंटरच्या खिशात एक लोहचुंबक असतं, फडक्यात गुंडाळलेलं. ते गाडीवरून फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे आत पुट्टी भरलेली आहे असं समजायचं. मी ते मडगार्डला लावलं, पडलं. दाराला लावलं, पडलं. बॉनेटला लावलं, तिथूनही घरंगळलं. क्षणभर वाटलं की सगळी गाडीच पुट्टीची आहे. मग एका कोपऱ्यात रंग खरवडला. खाली पांढरट, मऊ धातू. ॲल्युमिनियम.

मी आयुष्यात अशी बॉडी एकदाही हाताळली नव्हती. नंतर बाईंच्या भाच्यानं, प्रशांतनं, परदेशातल्या जाणकारांना फोटो पाठवून माहिती काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादाची टंचाई असताना त्या कारखान्यानं सुरुवातीच्या थोड्याच गाड्या हातानं ठोकून ॲल्युमिनियमच्या बनवल्या होत्या. पुढच्या सगळ्या साध्या पत्र्याच्या. बाईंची गाडी त्या थोड्यांतली होती.

हे कळल्यावर प्रशांतचा सूर बदलला. तो पुण्याला नोकरीला. मुंबईचे एक व्यापारी गाडी आहे तशी उचलायला तयार आहेत, असं तो सांगायला लागला. वाईट मुलगा नव्हे तो. आत्याचं म्हातारपण नीट जावं असंच त्याला वाटत होतं. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं.

त्यांचं नाही समजायला मागची हकिगत कळायला हवी. गाडी विलायतेहून आणली देवळालीच्या छावणीतल्या एका साहेबानं. तो परत जाताना मालेगावच्या एका यंत्रमागवाल्या शेठनं ती घेतली. शेठला सात मुलं आणि गाडीला सीटं दोन. त्याच्या घरात रोज त्यावरून तंटे, म्हणून त्यानं ती सटाण्याच्या डॉक्टर बोरसेंना दिली. डॉक्टर त्या गाडीतून खेडोपाडी रोगी तपासायला जात. मुलगी अठराची झाल्यावर त्यांनी तिला गाडी शिकवली. त्या काळी सटाण्यात बाईमाणूस सायकलवर दिसलं तरी लोक वळून बघायचे. पुढे सुमनबाई नोकरीला लागल्या आणि त्याच गाडीनं शाळेत जाऊ लागल्या. डॉक्टर वारले आणि आठ दिवसांच्या आत थोरल्या भावानं गाडी चाळीत लोटून कुलूप घातलं. बहिणीनं असलं वाहन उडवत गावातून फिरावं हे त्याला आधीपासूनच नको होतं. बाईंनी लग्न केलं नाही. त्याच वाड्यात, त्याच शेतावर राहिल्या. पुढची चाळीस वर्षं चाळीच्या फटींतून गाडी बघत राहिल्या. भाऊ गेल्यावर किल्ली त्यांच्या हातात आली, ती घेऊन त्या सरळ माझ्याकडे आल्या होत्या.

मी दसरा कबूल केला.

गाडी ट्रकवर घालून नाशिकला आणली. इंजिन माझ्या एका जुन्या सोबत्याकडे दिलं, त्याला लागणारे भाग प्रशांतनं कुरकुरत का होईना, परदेशातून मागवले. बॉडी मी घेतली. रंग उतरवताना पुढचं डावं मडगार्ड आतून पाहिलं आणि मी थांबलो. कधीतरी जबर ठोकलेलं आणि दुरुस्त केलेलं होतं. आतल्या बाजूला हातोडीचे बारीक ठोके, माशाच्या खवल्यांसारखे, तिरप्या ओळीत. हात माझ्या ओळखीचा होता. माझे उस्ताद कादिर मिस्त्री.

मी सायखेड्याचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. मामा मालेगावला ट्रक चालवायचा. त्यानं मला उस्तादांच्या हाताखाली ठेवलं. सहा वर्षं मी त्यांच्याकडे होतो. ते ठोकलेला पत्रा बाहेरून आरशासारखा करायचे, पण आतला भाग कधी घासायचे नाहीत. आत माझी सही आहे, म्हणायचे.

उस्ताद जाऊन फार दिवस झाले. त्यांचा मुलगा सलीमभाई मालेगावला रिक्षांच्या बॉडी बनवतो. त्याला फोन लावला. त्याला ती गाडी आठवत होती. "अब्बा हमेशा हसके बोलते थे," तो म्हणाला, "गाडी डॉक्टरसाब की बेटी ने ठोकी, और नाम डॉक्टरसाब ने अपना बताया."

पुढच्या भेटीत मी बाईंना हे विचारलं.

"मैलाचा दगड होता," त्या म्हणाल्या. "तो जागचा हलला नाही, एवढंच त्याचं चुकलं."

सहा-सात महिने काम सुरेख चाललं. बाई पंधरा दिवसांनी एसटीनं यायच्या, पत्र्याला हात लावून बघायच्या, प्रश्न विचारायच्या. त्यांना मी गुळमुळीत उत्तर देऊ शकत नव्हतो, कारण त्या पुन्हा तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं विचारायच्या. पावसाळा आला तेव्हा चारही मडगार्डं, दारं, मागची डिकी झाली होती. बॉनेट तेवढं राहिलं होतं. ते या गाडीचं सगळ्यात मोठं अंग. लांब, मधे उंचावलेलं, दोन्हीकडे उतरत जाणारं. त्यावर रंगाचे कितीतरी थर होते. हातानं उतरवायला तीन आठवडे लागले असते. मला दसरा दिसत होता.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक ओळखीचा कारखाना होता. तिथे जोराच्या हवेनं वाळूचा मारा करून लोखंडाचा रंग आणि गंज उडवतात. तासाभराचं काम. मी बॉनेट टेम्पोत घातलं आणि पाठवून दिलं. मारा अगदी हलका ठेवा हे सांगायला स्वतः जायला हवं होतं. हे ॲल्युमिनियम आहे एवढं निदान चिठ्ठीवर लिहायला हवं होतं. तेही मी केलं नाही. त्या दिवशी गॅरेजात एक विम्याची गाडी होती, मी तिच्यात गुंतलो. कारखान्यातल्या माणसाला लोखंडाची सवय. त्यानं रोजच्यासारखा मारा केला.

बॉनेट परत आलं ते पापडासारखं लाटांनी भरलेलं. पत्रा ताणला गेला होता, कडेला दोन ठिकाणी आरपार भोकं. त्याला हातोडी लावली की एकीकडे दाबावं आणि दुसरीकडे फुगावं. दोन दिवस झटलो. मग हातोडी खाली ठेवली. हे दुरुस्त होण्यासारखं नव्हतं.

प्रशांतला फोनवर सांगितलं. त्याला धक्का बसलाच, पण थोड्या वेळानं त्याचाच उलटा फोन आला. मुंबईच्या त्या व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं की साध्या पत्र्याचं बॉनेट बनवा, वर रंग चढवा, कुणाला कळणार नाही. आणि आत्यालाही सांगू नका, तिला आता फार बारीक दिसत नाही, हे प्रशांतचं स्वतःचं. ते शेवटचं वाक्य मला लागलं. खरं सांगायचं तर तो मार्ग माझ्याही मनात येऊन गेला होता. म्हणूनच लागलं.

दुसऱ्या दिवशी सटाण्याची एसटी धरली. बाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तुम्ही स्वतः गेला होतात तिथे?"

"नाही."

"त्या माणसाला सांगितलं होतंत, हे काय आहे ते?"

"नाही सांगितलं."

"मग चूक तुमची."

"हो बाई."

"मग बरोबरही तुम्हीच करायचं. तसंच. त्याच धातूचं. किती दिवस लागतील?"

मला ठाऊक नव्हतं. अख्खं बॉनेट कोऱ्या पत्र्यातून मी कधी घडवलं नव्हतं. नाशिकमध्ये घडवलेलं कुणी मला माहीत नव्हतं. दसरा हुकणार एवढं नक्की होतं, आणि दसऱ्याच्या पुढे काय आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तसं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी माझं बघते. तुम्ही तुमचं बघा."

मी गॅरेज पुतण्यावर सोपवलं आणि मालेगावला सलीमभाईकडे जाऊन राहिलो. त्याच्याकडे उस्तादांची सगळी हत्यारं होती. लाकडी हातोडे, निरनिराळ्या गोलाईच्या डॉल्या, वाळू भरलेली चामड्याची पिशवी. खराब बॉनेटवरून जमेल तेवढ्या रेषा घेतल्या, उरलेल्या परदेशातून आलेल्या फोटोंवरून आणि मापांवरून. त्यावरून लाकडी पट्ट्यांचा साचा केला, पिंजऱ्यासारखा. मग पत्रा आणला.

ॲल्युमिनियम ठोकता ठोकता ताठरतं आणि तडकतं. म्हणून मधेमधे तापवून मऊ करावं लागतं. अवघड हे की लोखंडासारखं ते लाल होऊन इशारा देत नाही. जास्त तापलं की एकदम वितळून खाली पडतं. उस्तादांची युक्ती सलीमभाईला आठवत होती. पत्र्याला कपडे धुवायचा साबण चोळायचा आणि खालून ज्योत फिरवायची. साबण काळपट झाला की ज्योत काढायची. तेवढंच पुरे.

पहिलं बॉनेट तडकलं. दुसरं झालं, साच्यावर बसवलं, तर उजवा उतार डाव्यापेक्षा बोटभर जास्त. दिसायला छान होतं. सलीमभाई म्हणाला, कोण फूटपट्टी लावणार आहे. मी ते कापून त्यातून सरावाचे तुकडे केले. चार महिने गेले होते. आजूबाजूला दिवसभर मागांची खडखड चालायची, मला ती अर्धीच ऐकू यायची. हात सुजायचे, रात्री शेकून सकाळी पुन्हा उभा राहायचो. सदुसष्टाव्या वर्षी मी जे शिकत होतो ते सतराव्या वर्षी माझ्या समोर चाललेलं होतं, आणि तेव्हा मी नीट बघितलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला तीन तुकडे वेगवेगळे घडवले, जोडले, आणि जोड हातोडीनं ठोकून ठोकून पत्र्यात मुरवला. साच्यावर ठेवल्यावर फटीतून कागद जाईना. सलीमभाईनं आतून हात फिरवून पाहिलं. मग तो चहा सांगायला बाहेर गेला. आतली बाजू मी घासली नाही.

मालेगावात एकूण नऊ महिने गेले. पुढे रंग, जुळणी, इंजिनाच्या चाचण्या. गाडी पूर्ण झाली तेव्हा पुढची होळी उलटून गेली होती.

मी फोन केला. बाई प्रशांतबरोबर आल्या, त्याच्या दंडाला धरून. तेव्हाच मला समजलं. दर भेटीला त्या गॅरेजच्या पायरीवर एकट्या चढत असत. समोरचं मधोमध आता दिसत नव्हतं त्यांना, कडेकडेचं थोडं. डॉक्टरांनी गाडी चालवायला सक्त मनाई केली होती आणि ती बरोबरच होती. दसऱ्याला चालवता आली असती. ते नऊ महिने माझ्या एका न लिहिलेल्या चिठ्ठीचे होते. मी तसं बोलून दाखवलं. बाईंनी ते नाकारलं नाही, माझी समजूतही काढली नाही. त्या गाडीकडे गेल्या आणि बॉनेटवरून दोन्ही तळवे फिरवले, टोकापासून काचेपर्यंत, अगदी सावकाश.

"जोड कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा हात धरून जोडावर ठेवला.

"इथे?"

"इथेच."

त्या दोनदा बोट फिरवून बघत राहिल्या. मग खुर्ची मागितली आणि मला वही-पेन घेऊन बसायला सांगितलं. डोळ्यांमुळे त्यांना आता लिहिता येत नव्हतं म्हणून मी लिहायचं. गाडीचा इतिहास. ती पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला खरं काय ते माहीत असावं. देवळालीचा साहेब, मालेगावचा शेठ, डॉक्टर, मैलाचा दगड. "चालवत होती सुमन बोरसे," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पन्नास वर्षांचं ते खोटं त्यांनी तिथे संपवलं. कादिर मिस्त्रींचं नाव लिहिलं. चाळीतली चाळीस वर्षं लिहिली. मग बॉनेट आलं आणि माझं पेन थांबलं.

प्रशांत म्हणाला की एवढं लिहायची गरज नाही, किंमत उतरेल. बाईंनी त्याच्याकडे मान वळवली नाही.

"लिहा, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "मी माझा दगड लिहिलाय."

मी लिहिलं. मूळचं बॉनेट माझ्या निष्काळजीपणानं गेलं, हे मी मालेगाव येथे हातानं घडवलेलं आहे. खाली सही केली. ते लिहिताना अंग हलकं झालं असं काही म्हणणार नाही. नऊ महिने नऊ महिनेच राहिले. पण इतकी वर्षं गाड्यांवर रंग चढवून मी जे काही झाकलं, त्यातलं एक तरी उघड्यावर माझ्याच अक्षरात आहे.

प्रशांतनं ते पान दोनदा वाचलं. त्यानंतर त्यानं व्यापाऱ्याचं नाव माझ्यासमोर काढलं नाही. आठवड्याभरानं त्याचाच फोन आला. सटाण्याच्या बाहेर त्यांच्या ओळखीच्या एकाचा मोठा माळ आहे, सपाट, ना झाड ना विहीर, कुंपण घातलेला. सकाळी लवकर यायचं. गाडी ट्रकनं त्यानं पोचवली होती.

मी गेलो. भिका फाटकाशी उभा, आत कुणी येऊ नये म्हणून. प्रशांतनं स्वतः चालत जाऊन सगळा माळ पाहिला, दोन मोठे दगड उचलून बाहेर टाकले. बाई चालकाच्या जागी बसल्या. मी शेजारी. हॅन्डब्रेक माझ्या हाताशी होता आणि वेळ आली तर किल्ली फिरवायला मी तयार होतो. कुठे काय आहे ते मी सांगायचं ठरलं. त्यांना समोरचं दिसत नाही आणि मला त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक गोष्ट मोठ्यानं, वर्गात बोलावं तशी बोलायची, असंही ठरलं.

इंजिन सुरू झालं. त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला. जुन्या पद्धतीनं, मधे क्लच सोडून पुन्हा दाबून. पायांना सगळं पाठ होतं. गाडी हलली. पहिला फेरा आम्ही चालत्या बैलाच्या गतीनं घेतला. मी डावीकडे म्हणायचो, त्या वळायच्या. दुसऱ्या फेऱ्याला दुसरा गिअर. वारा तोंडावर यायला लागला, त्यांचा पदर उडाला, तो त्यांनी एका हातानं खोचला. मी हॅन्डब्रेकवरचा हात काही काढला नाही.

तिसऱ्या फेऱ्याला वळण संपवून गाडी सरळ झाली. पुढे माळाची लांबी पसरली होती.

"समोर किती आहे?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

मी मान उंचावून पाहिलं. उन्हात फाटकाशी भिका ठिपक्याएवढा दिसत होता.

"बरंच आहे," मी म्हणालो.

"मग तिसरा टाकते," बाई म्हणाल्या आणि टाकला.